परड्यातला वटवट्या: कोल्हापुरात सप्टेंबर ते नोव्हेंबर स्थलांतरित पक्षी कसे पाहावेत

गणपती विसर्जन होतं, पाऊस ओसरू लागतो, आणि कोल्हापुरातल्या परड्यांमधल्या शेवग्यावर, आंब्यावर, कडुनिंबावर एक बारीकसा हिरवट पक्षी पानापानांतून किडे टिपत हिंडू लागतो. वजन सात-आठ ग्रॅम, म्हणजे रुपयाच्या दोन-तीन नाण्यांइतकं. हिमालयातून किंवा त्याच्याही पलीकडून तो इथे पोचलेला असतो. पुढे मार्च-एप्रिलपर्यंत तो त्याच दोन-चार झाडांवर मुक्काम ठोकतो, आणि ज्यांची झाडं त्यांना बहुधा त्याचा पत्ताही नसतो. हा हिरवट वटवट्या. इंग्रजी याद्यांमध्ये तो ग्रीनिश वॉर्बलर या नावाने सापडेल.

तो नजरेतून सुटतो त्याची कारणं तीन. तो दाणे खात नाही, त्यामुळे बाजरी-तांदूळ टाकून खाली येत नाही. त्याचं खरं गाणं विणीच्या मुलखात. इथे बहुतेक वेळा नुसती छोटी हाक ऐकू येते. आणि शिंपी, चष्मेवाला, शिंजिराची मादी यांच्या घोळक्यात तोही त्यांच्यातलाच वाटतो. शरदात इथे येणाऱ्या बहुतेक लहान गाणाऱ्या पक्ष्यांची हीच गत आहे. म्हणून कामाचा क्रम असा ठेवावा: आधी घरचे पक्षी पाठ करायचे, मग परडं आणि पाणी तयार ठेवायचं, मग कान लावून बसायचं. दुर्बीण त्यानंतर.

ऑगस्टमध्ये घरचे पक्षी पाठ करा

पंधरा दिवस, रोज पंधरा मिनिटं. परड्यात बारमाही राहणारे दहा-बारा पक्षी हालचालीवरून आणि आवाजावरून ओळखता आले पाहिजेत: शिंपी, राखी वटवट्या, चष्मेवाला, सुभग, जांभळा शिंजीर, फुलटोच्या, दयाळ, चिरक, लालबुड्या बुलबुल, नाचण, कोतवाल, साळुंकी. चिमणी, बुलबुल आणि साळुंकी या तिघांची लांबी तर डोळ्यांत पक्की बसू द्या: साधारण १५, २० आणि २३ सेंटिमीटर. पुढे प्रत्येक नवा पक्षी या तीन मापांशी ताडायचा आहे.

सगळ्यात जास्त फसवतात ते हे चौघं. शिंप्याची पाठ हिरवी असते, पण डोक्यावर तांबूस टोपी आणि शेपटी उभी. वटवट्याची शेपटी अशी उभी राहत नाही. सुभगाच्या मादीच्या पंखावर दोन ठळक पांढरे पट्टे आणि चोच जरा जाड. चष्मेवाल्याच्या डोळ्याभोवती पांढरं कडं असतं आणि तो एकटा क्वचितच दिसतो. शिंजिराच्या मादीची चोच वाकडी असते, एवढं पाहिलं तरी पुरे.

शिंजिराच्या नराबद्दल मात्र वेगळी सूचना हवी. वीण संपल्यावर जांभळ्या शिंजिराच्या नराचा झळाळता रंग उतरतो. तो मादीसारखा फिकट होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा तेवढा उरतो. बरोबर स्थलांतराच्याच महिन्यांत तो या वेषात असतो, त्यामुळे 'नवीन पक्षी आला' म्हणून दरवर्षी त्याचे फोटो फिरतात. वाकडी चोच आणि मधोमध काळी रेघ दिसली की तो आपलाच.

परड्यात काय करायचं, काय टाळायचं

इथे करण्यापेक्षा न करण्याचं काम जास्त आहे. सप्टेंबर ते फेब्रुवारी कुंपणाची मेहंदी, कोरांटी, जास्वंद छाटू नका. दसऱ्या-दिवाळीला परडं लख्ख करायची आपली रीत आहे, पण वेळू वटवट्यासारखा पक्षी जमिनीपासून हात-दोन हात उंचीच्या दाट जाळीतच राहतो. ती जाळी कापली की तो त्याच दिवशी शेजारी जातो. झाडाखालचा पाला एका कोपऱ्यात चार-पाच इंच जाडीचा साचू द्या. त्यातले किडे, कोळी, अळ्या हेच या पक्ष्यांचं अन्न.

याच कारणाने या तीन महिन्यांत कीटकनाशक फवारू नका. शेवग्यावर सुरवंट झालेच तर लागलेली फांदी तोडून बाजूला करा किंवा हातमोजे घालून सुरवंट वेचा. मावा पडलेली वालाची किंवा जास्वंदाची फांदी तशीच राहू दिली तर बरं. हिरवट वटवट्या पानांच्या खालच्या बाजूला उलटा लोंबकळून हेच टिपत असतो.

दाण्यांचा ट्रे ठेवायचाच असेल तर घराच्या दुसऱ्या बाजूला ठेवा. दाण्यावर पारवे येतात, मागून घुशी येतात, आणि पारव्यांच्या फडफडाटात लहान पक्षी टिकत नाहीत. पितृपंधरवड्यात गच्चीवर कावळ्यांसाठी घास ठेवतात, तोही पाण्याच्या भांड्यापासून लांब असू द्या.

मागच्या दारचा दिवा रात्री दहाला बंद करा. लहान गाणारे पक्षी बहुतांशी रात्री प्रवास करतात आणि पहाटे उतरतात. झगझगीत प्रकाशाने ते वाट चुकतात आणि भिंती-काचांवर येतात.

पाणी: सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या

कीटकभक्षी पक्ष्याला परड्यात उघड्यावर आणणारी एकच खात्रीची गोष्ट म्हणजे पाणी. ऑक्टोबरच्या उन्हात तर हमखास. पण नुसती बादली किंवा खोल कुंडी ठेवून उपयोग नाही. आठ ग्रॅमच्या पक्ष्याला आंघोळीला एक ते दोन सेंटिमीटर पाणी लागतं. त्याहून खोल असलं तर तो काठावरूनच परततो.

गंगावेशीत किंवा बापट कॅम्पात कुंभारांकडे मातीचे मोठे परळ मिळतात. चौदा ते सोळा इंच व्यासाचा, दोन इंच खोलीचा, आतून खरखरीत परळ घ्या. चकाकी दिलेला किंवा प्लास्टिकचा नको, पाय घसरतात. मधोमध तळहाताएवढा चपटा दगड ठेवा आणि पाणी त्याच्या माथ्यापर्यंतच भरा. म्हणजे काठाला उथळ, मध्ये थोडं खोल आणि बसायला कोरडी जागा, तिन्ही मिळतं.

जागा निवडताना दोन गोष्टींचा मेळ घालावा लागतो. जवळ झुडूप हवं, कारण भिजलेला पक्षी नीट उडू शकत नाही आणि त्याला लगेच आडोसा लागतो. पण झुडूप अगदी लागून असेल तर त्यातच बोका दबा धरून बसतो. म्हणून झुडपापासून दीड ते दोन मीटर अंतर आणि जमिनीपासून तीन-साडेतीन फूट उंची धरा. तेवढ्या उंचीच्या रचलेल्या विटा आणि वर फरशी, किंवा तेवढाच उंच जुना स्टूल चालेल. जवळच एक वाळकी फांदी तिरकी रोवून ठेवा. पक्षी आधी तिच्यावर येऊन अंदाज घेतो, आणि तुम्हाला त्याला पाहायला तेवढाच वेळ मिळतो.

आता थेंब. स्थिर पाण्यापेक्षा ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज पक्ष्याला लांबून ऐकू येतो. औषधाच्या दुकानात सलाईनचा साधा सेट मिळतो, तो यासाठी उत्तम. पाच लिटरचा कॅन परळाच्या वर फांदीला उलटा टांगा. बुचाला भोक पाडून सेटचं टोकदार टोक घट्ट बसवा. सुई काढून टाका आणि नळीचं मोकळं टोक पाण्यापासून फूटभर उंच बांधा. नळीवरच्या चाकाने मिनिटाला तीस थेंब ठेवा. साध्या सेटमध्ये वीस थेंबांचं एक मिलिलिटर होतं, म्हणजे एक लिटर पाणी सुमारे अकरा तास पुरतं.

थेंब दहा-पंधरा मिनिटांत बंद पडले तर जवळपास नेहमी एकच चूक असते: कॅनमध्ये हवा शिरायला वाट ठेवलेली नसते. टांगल्यावर वर येणाऱ्या तळाला खिळ्याने एक बारीक भोक पाडा. तरीही थांबले तर नळीत हवेचा बुडबुडा अडकला असेल. चाक पूर्ण उघडून पाणी धारेने जाऊ द्या, मग पुन्हा कमी करा. दोन-तीन आठवड्यांत नळीत शेवाळ धरतं, कारण तिच्यावर ऊन पडतं. नळीला जुनं कापड गुंडाळा आणि महिन्याने सेट बदला.

परळातलं पाणी रोज ओता आणि काथ्याने घासून नवं भरा, साबण नको. डेंगीचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि त्याची वाढ पुरी व्हायला आठवडाभर तरी लागतो. रोज पाणी बदललं तर अळी टिकत नाही. हे जमणार नसेल तर परळ ठेवूच नका.

आणखी एक सोपी गोष्ट फार कमी लोक करतात. सकाळी आठ-नऊच्या सुमारास कढीपत्त्याच्या किंवा जास्वंदाच्या पानांवर पाईपने बारीक फवारा मारा. वटवटे आणि चष्मेवाले ओल्या पानांवर अंग घासून आंघोळ करतात. परळाकडे न फिरकणारा हिरवट वटवट्या इथे हमखास खाली येतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनाही हे जमतं, बाल्कनीत दोन मोठ्या कुंड्या असल्या की झालं.

कुठे बसायचं, किती वाजता

कोल्हापुरात या काळात सूर्योदय सव्वासहा ते पावणेसातच्या दरम्यान होतो. त्या वेळेपासून साडेआठपर्यंतचे दोन तास मुख्य. रात्री गारठलेले किडे उन्हाने हलू लागतात ते आधी झाडाच्या शेंड्याला आणि पूर्वेच्या अंगाला, म्हणून पक्षीही आधी तिथेच येतात. खुर्ची झाडाच्या पूर्वेला मांडा, पाठ सूर्याकडे आणि तोंड झाडाकडे. उलट बसलात तर सगळे पक्षी काळ्या सावल्या दिसतील आणि हिरवट, तपकिरी, करडा असा कोणताच भेद कळणार नाही. ओळख चुकते ती ज्ञानाअभावी कमी आणि प्रकाशाच्या चुकीच्या बाजूला बसल्याने जास्त, असं आमचं मत आहे.

पाण्यावरची हालचाल मात्र उशिरा असते: अकरा ते एक, आणि पुन्हा साडेतीन ते पाच. सकाळची वेळ ज्यांना जमत नाही त्यांनी सुट्टीच्या दिवशी दुपारी परळ पाहावा.

स्वयंपाकघराच्या मागच्या दारात, उंबऱ्याच्या आत बसलात तर सगळ्यात छान. अंगावर मातकट, राखाडी कपडे घाला. पहिली दहा मिनिटं काहीच दिसत नाही, कारण तुमच्या येण्याने पक्षी दडलेले असतात. अनेक जण नेमके तेव्हाच उठतात. सलग अर्धा तास बसायचं ठरवूनच बसा.

कोणत्या दिवशी लवकर उठायचं हे परतीच्या पावसावरून ठरवा. सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात संध्याकाळी विजा कडाडून पाऊस पडतो. रात्रीच्या प्रवासात असलेल्या पक्ष्यांना अशा पावसात खाली यावंच लागतं. दुसऱ्या दिवशीची धुतलेली, निरभ्र सकाळ चुकवू नका. एरवी परड्यात न दिसणारा एखादा पक्षी, दक्षिणेकडे परतणारा नवरंगसुद्धा, अशाच सकाळी पालापाचोळ्यात दमून बसलेला दिसू शकतो.

दुर्बीण

परड्यासाठी ८×४२ किंवा ८×३२ घ्या (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा). १०×५० घेण्याचा मोह होतो, पण तिच्यात दिसणारा भाग अरुंद असतो, हाताचा कंप जास्त जाणवतो आणि पानांतून पळणारा वटवट्या सापडेपर्यंत निघून जातो. झूमच्या दुर्बिणी टाळा. दुकानात एकच चाचणी करा: उभं राहून स्वतःच्या चपलेकडे दुर्बीण रोखा. चप्पल स्पष्ट दिसली तर ती अडीच मीटरच्या आत फोकस होते. परडं पाच-सहा मीटरचं असताना हेच महत्त्वाचं.

घरी आणल्यावर: उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यासाठी फोकस करा, मग डावा झाकून उजव्या भिंगाजवळची कडी फिरवा. ती खूण लक्षात ठेवा, पुन्हा हलवू नका. चष्मा असेल तर डोळ्यांजवळची रबरी कडी आत दाबा. पक्षी शोधताना डोळे पक्ष्यावरून हटवू नका. आहे तिथे पाहत राहा आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. एक दिवस शेवग्याच्या शेंगांवर सराव केला की हात बसतो. इथल्या पावसाळ्यात भिंगांना बुरशी लागते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

कान

शरदात गाणं शोधू नका, हाक शोधा. या पाच हाका सप्टेंबरच्या आधी ऐकून ठेवाव्यात:

हिरवट वटवट्या: 'चि-स्ली', दोन तुकड्यांची, जरा तीक्ष्ण, शेंड्यातून.
वेळू वटवट्या: 'चॅक्… चॅक्', दोन गारगोट्या आपटल्यासारखी, कुंपणातून, मध्ये चार-पाच सेकंद थांबून.
लाल छातीचा माशीमार: कोरडा 'ट्र्र्र', खुळखुळ्यासारखा.
थिरथिरा: 'टिक् टिक्', गच्चीच्या कठड्यावरून.
करडा धोबी: 'चिझिक्', उडताना, धातूचा आवाज.

मर्लिन हे मोफत ॲप आवाज ओळखायला मदत करतं. भारताचा पॅक आधी उतरवून घ्या, मग नेट लागत नाही. पण त्याचा शब्द अंतिम मानू नका. खारीची 'चिक् चिक्' आणि शिंप्याची हाक यांनी ते गोंधळतं. ॲपने नाव सांगितलं की त्या आवाजाच्या दिशेने पक्षी डोळ्यांनी पाहा, न दिसल्यास नोंदीत घालू नका. आणि त्यातला आवाज मोठ्याने वाजवून पक्ष्याला जवळ बोलावू नका. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला प्रतिस्पर्धी आल्याचं भासवणं म्हणजे त्याची उरलीसुरली ताकद खर्चायला लावणं आहे.

चष्मेवाल्यांची टोळी चिवचिवत झाडात शिरली की लगेच उठून पाहा. अशा टोळीमागून वटवटे, सुभग, नाचण येत असतात.

कोण कधी येतं, आणि ओळखायचं कसं

ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा हा करड्या धोब्याचा. लांब शेपटी सतत वर-खाली, पोटाचा मागचा भाग पिवळा. गच्चीवर पाणी साठलेलं असेल तिथे तो उतरतो. पंचगंगेच्या घाटावर बारमाही दिसणारा थोरला धोबी काळा-पांढरा आणि बराच मोठा असतो, त्यात पिवळं काही नाही. याच सुमारास भोरड्यांचे थवे शहरावरून जाऊ लागतात. पिंपळ, उंबर पिकलेला असेल तर ते खाली येतात.

सप्टेंबरच्या मध्यापासून हिरवट वटवट्या. डोळ्यावर लांब फिकट भुवई, पंखावर एक बारीक फिका पट्टा, खालची चोच पिवळट-नारिंगी. पट्टे दोन दिसले आणि चोच काळसर वाटली तर तो ह्यूमचा वटवट्या असू शकतो, पण तो सहसा उशिरा येतो. पट्टा झिजून दिसेनासाही होतो, म्हणून नुसत्या पट्ट्यावर निकाल देऊ नका, हाक ऐका. तपकिरी माशीमार आणि तपकिरी खाटीक हेही सप्टेंबर-ऑक्टोबरात दिसू लागतात. माशीमार उघड्या फांदीवर ताठ बसतो, झेप घेऊन किडा पकडतो आणि पुन्हा जवळपास तिथेच येतो.

ऑक्टोबर हा भरगच्च महिना. वेळू वटवट्या, इंग्रजीत ब्लिथ्स रीड वॉर्बलर, बाल्टिक किनाऱ्यापासून सैबेरियापर्यंत वीण करतो आणि हिवाळ्याला भारतीय उपखंडात येतो. दिसायला अगदी साधा: पाठ तपकिरी, पोट मळकट पांढरं, पंखावर पट्टा नाही, कपाळ चपटं, चोच लांब, शेपटी टोकाला गोलसर. त्याच्यापेक्षा लहान, फिकट आणि चौकोनी शेपटीचा दिसला तर तो पायमोज वटवट्या; त्याला बाभळी आवडतात. नवख्याने या दोघांच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नये. 'वटवट्या, तपकिरी, जात अनिश्चित' ही नोंद पूर्णपणे सन्माननीय आहे, चुकीच्या नावापेक्षा कितीतरी उपयोगी.

लाल छातीचा माशीमार चिमणीपेक्षा लहान असतो. नाव ऐकून लोक लाल छाती शोधतात आणि तिथेच चुकतात. नारिंगी गळा फक्त मोठ्या नराला. माद्या आणि पहिल्या वर्षाचे नर साधे मातकट असतात. त्यामुळे शेपटी पाहा: काळी, आणि बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके. तो ती वारंवार झटक्याने उचलतो, तेव्हा ते ठिपके चमकतात.

थिरथिरा गच्चीवर, कंपाउंडच्या भिंतीवर, कौलांवर दिसेल. मादी तपकिरी, नर काळा आणि पोटाला तांबूस. दोघांची शेपटी तांबूस आणि सतत थरथरणारी, नाव त्यावरूनच पडलं. याची गल्लत होते चिरकाशी. चिरकाचाही बुडखा तांबूस असतो, पण वरून शेपटी काळी, आणि तो ती थरथरवत नाही, पाठीवर उभी करतो. एवढा एक फरक लक्षात ठेवला तर तुमच्या गच्चीवरचा थिरथिरा कधीही सुटणार नाही.

मोठ्या झाडांच्या परड्यांत, ताराबाई पार्क किंवा रुईकर कॉलनीसारख्या जुन्या वसाहतींत, ऑक्टोबरपासून हळद्या, राखी कोतवाल आणि स्वर्गीय नर्तक यांच्यासाठी शेंडे पाहा. राखी कोतवाल लाल डोळ्याचा, काळा नव्हे तर पाटीच्या रंगाचा, आणि झाडात राहतो. तारेवर बसलेला तो बहुधा आपला नेहमीचा काळा कोतवाल. स्वर्गीय नर्तकाच्या लांब पांढऱ्या शेपटीची वाट पाहू नका. बहुतेक वेळा दिसते ती आखूड शेपटीची, विटकरी पाठीची, काळ्या तुऱ्याची मादी किंवा लहान नर, आणि लोक तिला बुलबुल समजून सोडून देतात.

नोव्हेंबरात थंडी पडली की नीलांग येतो, निळसर-हिरवा, डोळ्यापुढे काळा डाग. तो उघड्यावर बसतो, त्यामुळे ओळखायला सोपा. शहराच्या कडेला, वडणगे, शिंगणापूर, उचगावकडे, घरामागे ऊस असेल तर ऊसतोडीवर लक्ष ठेवा. फड तुटला की त्यात दडलेले वेळू वटवटे आणि शंकर, म्हणजे ब्लूथ्रोट, बांधावरच्या झुडपांत आणि तुमच्या कुंपणात सरकतात. तोडीनंतरचे तीन-चार दिवस रोज बसा. दिवाळीच्या चार दिवसांत फटाक्यांनी सगळेच दडतात, तेव्हा काही न दिसल्यास पक्षी गेले असं समजू नका.

नोंद

वही साधी ठेवा, पण रोज त्याच वेळी, तेवढीच मिनिटं. तारीख, सुरुवात-शेवट, आभाळ, पक्षी, संख्या, झाड आणि झाडातली उंची. पक्षी नवा असेल तर पुस्तक किंवा ॲप उघडण्याआधी चार ओळी लिहा: चिमणीपेक्षा लहान की मोठा, चोच, शेपटीची हालचाल, आवाज. चित्र पाहिल्यावर आठवण बदलते आणि न पाहिलेला पट्टा पाहिल्यासारखा वाटू लागतो.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायचं असेल तर एका जागी बसून केलेली नोंद निवडा, कावळे-पारव्यांसकट दिसलेले आणि ओळखलेले सगळे लिहा, आणि पत्त्यात घराचं नाव न देता चौक किंवा वसाहत द्या. ऑक्टोबरात बहुधा दुसऱ्या शनिवारी जगभर एकाच दिवशी मोजणी होते. महाराष्ट्रात मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनापासून सालिम अलींच्या जन्मदिनापर्यंत, ५ ते १२ नोव्हेंबर, पक्षी सप्ताह असतो. परड्यातली नोंद या दोन्हींना चालते. काहीच दिसलं नाही तो दिवसही लिहा. पहिला थिरथिरा कोणत्या तारखेला आला हे तीन-चार वर्षांच्या वह्यांतूनच कळतं, आणि त्यासाठी आदल्या दिवसाची रिकामी नोंद लागते.

काचेवर आपटलेला पक्षी

नव्या बंगल्यांच्या मोठ्या काचांत झाड आणि आभाळ दिसतं, आणि पहाटे उतरलेला पक्षी सरळ त्यात जातो. घारीचं एकच चित्र चिकटवून उपयोग होत नाही. काचेच्या बाहेरच्या बाजूने पाच-पाच सेंटिमीटरवर ठिपके किंवा उभ्या दोऱ्या लावा. आतून लावलेले प्रतिबिंबात झाकले जातात.

आपटून खाली पडलेला पक्षी दिसला तर अलगद उचलून बुटाच्या खोक्यात ठेवा. तळाला सुती कापड, झाकणाला पाच-सहा भोकं. खोका अंधाऱ्या, शांत जागी, मांजरापासून दूर. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. भरवू नका, सारखं उघडून पाहू नका. तासाभराने खोका परड्यात झुडपाजवळ नेऊन झाकण काढा आणि मागे सरा. बहुतेक वेळा तो स्वतः उडून जातो. दोन तासांनीही उडाला नाही, किंवा पंख लोंबतोय असं दिसलं, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. वन्यपक्षी घरी पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे 'बरा होईपर्यंत पिंजऱ्यात ठेवू' हा विचार नको.